हात वर धरलेल्या बायका

शरयूताई कुणालाही "हसा" म्हणत नसत. कॅमेरा डोळ्याला लावला की त्या एवढंच सांगत, "श्वास सोडा. अख्खा सोडा." समोरचा माणूस श्वास सोडायचा, खांदे खाली यायचे, ओढून धरलेलं पोट सुटायचं, आणि आपण फोटोसाठी उभे आहोत हे तो क्षणभर विसरायचा. तेवढ्यात बटण दाबलेलं असायचं.

"अरे मॅडमजी, अभी तो मैं तैयार ही नहीं था!"

"इसीलिए तो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

झाशीतल्या मुलींच्या एका शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी गणित. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी माझी ओळख करून दिली, "ये भी आपकी मराठी हैं." शरयूताईंनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "पर्स नेहमी उजव्या खांद्यावर घेतेस ना? तो खांदा वर राहिलाय. आजपासून बदल." नाव, गाव, आडनाव हे सगळं नंतर. मला रागही आला आणि हसूही. पण पर्स मी त्या दिवशी डाव्या खांद्यावर घेऊन घरी गेले.

माझे वडील रेल्वेत. भुसावळहून बदली होऊन इथे आलेले, म्हणजे आम्ही तसे नवे. शरयूताईंचं घराणं मात्र पिढ्यान्पिढ्या झाशीतलं, पूर्वज पूजाअर्चेसाठी आलेले. दतिया गेटजवळ बाजाराच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्या आणि त्यांच्या आई अशा दोघी राहत. घरात कपाटाला फडताळ म्हणत आणि बाहेर पाऊल टाकलं की भाजीवालीशी ठसक्यात बुंदेली बोलत. एकदा पुण्याहून आलेली त्यांची भाची त्यांचे जुने शब्द ऐकून हसत सुटली. शरयूताईंनी मानसुद्धा वर केली नाही. "हस. माझी मराठी माझ्याहून म्हातारी आहे. तिला उठाबसायला वेळ लागतो."

माणसांची शरीरं त्या वाचत. रस्त्याने चालताना मध्येच कोपर मारून म्हणायच्या, "ती बघ, निळ्या साडीतली. तिने आत्ताच कुणाचं तरी ऐकून घेतलंय. मान बघ तिची." खरंखोटं कळायला मार्ग नसे, पण एकदा त्यांनी दाखवलं की दिसायचं.

एका वर्षी सगळ्या स्टाफच्या ओळखपत्रांसाठी फोटो काढायचं काम त्यांच्याकडे आलं. आमच्या प्राचार्या फार कडक. त्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला, चेहऱ्यावर शिस्त आणली. शरयूताईंनी कॅमेरा खाली घेतला. "मॅडम, चप्पल उतार दीजिए."

"फोटो तो गले तक का है!"

"हाँ. पर चप्पल चुभ रही है, वो चेहरे पर आ रहा है."

प्राचार्यांनी दोन क्षण रोखून पाहिलं, मग टाचेच्या चपला काढून पाय गार फरशीवर टेकवले. त्या फोटोत त्या जशा दिसल्या तशा आम्ही त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. कुणाची तरी थोरली बहीण वाटावी अशा. निवृत्त झाल्यावर तोच फोटो मोठा करून त्यांनी घरच्या बैठकीत लावला.

शरयूताईंच्या अंगावर कोड होतं. शाळकरी वयातच बोटांवर सुरू झालं आणि हळूहळू दोन्ही हातांवर पसरलं. बोटं लपवता येत नाहीत, ती सगळ्यांना दिसायची. पण हात कुणी पाहिले नव्हते. मे महिन्यात, लूचा तापलेला वारा अंगाला चावत असतो तेव्हासुद्धा, त्यांच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत असत आणि मनगटाला बटण. ही सवय त्यांच्या आईने लावलेली. त्यात दुष्टपणा नव्हता. मुलीला कुणी बोलू नये एवढीच त्या माउलीची इच्छा.

नातेवाइकांची तऱ्हा वेगळी. कुणाच्या लग्नात सगळे मांडवात फोटोसाठी उभे राहू लागले की एखादी काकू गोड आवाजात म्हणायची, "शरयू, तूच काढ गं. तुझ्याइतका छान कुणाला जमतोय?" असं करत करत त्यांच्या घराण्याच्या कुठल्याच अल्बममध्ये शरयूताई उरल्या नाहीत. हे त्यांनी मला एकदा पोळ्या लाटताना सांगितलं, अगदी हसत. "त्यांनीच मला फोटोग्राफर केलं बघ. हाकलून हाकलून कॅमेऱ्याच्या मागे नेऊन ठेवलं."

आता हात वर धरलेल्या बायकांच्या फोटोंविषयी.

झाशीत मुलगी जन्मली की तिच्या नशिबात एकदा तरी राणी व्हायचं असतं. शाळेच्या कार्यक्रमात, मोहल्ल्यात, फॅन्सी ड्रेसमध्ये दरवर्षी कितीतरी राण्या तयार होतात. पुठ्ठ्याची तलवार, पाठीला बांधलेली बाहुली, आणि चौकातल्या पुतळ्यासारखा वर उगारलेला हात. आमच्या शाळेत या राण्यांचे फोटो शरयूताईच काढत. एकदा एका छोट्या राणीला पालकांनी हात वर धरायला लावलं आणि मग त्यांचंच काही ठरेना. मुकुट वाकडा आहे, बाहुली सुटली, आजी आली नाही. पोरगी हात वर धरून उभीच. तिचा हात थरथरायला लागला. ओठ दाबून, डोळे मोठे करून ती हात वर ठेवत होती. शरयूताईंनी तो फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मला दाखवला. बोलताना त्यांचा आवाज जरा बदलला होता. "इतकी वर्षं मी राण्यांचे फोटो काढतेय. ही पहिली राणी."

तिथून त्यांना ध्यास लागला. रविवार, सुट्ट्या, उन्हाळा, सगळं त्यात गेलं. त्या झाशीतल्या बायकांकडे जात आणि एकच मागणं मागत: हात वर धरा, जितका वेळ धरवेल तितका. तुमच्या घरात, तुमच्या कपड्यांत. तलवार नाही, काही नाही, हात रिकामा. मी विचारलं, "तलवार का नको?" त्या म्हणाल्या, "तलवार असली की लोक तलवार बघतात."

बायका आधी लाजायच्या, हसायच्या. मग हात वर जायचा. थोडा वेळ पुतळ्याचा आव असायचा, तो ओसरायचा. मग बाई नुसतं बोलायची, काहीबाही. मग बोलणंही थांबायचं आणि खांद्यातून काहीतरी सुरू व्हायचं. शरयूताई तिथपर्यंत थांबत. हात थरथरायला लागल्यावर माणूस दुसऱ्या कुणासारखं दिसू शकत नाही, असं त्या म्हणत. दतिया गेटच्या बाजारातली भाजीवाली रामकली, बँकेतल्या एक अधिकारी बाई, त्यांच्याच जिन्याखाली बांगड्या विकणारी शबाना, सगळ्या त्या फोटोंत आहेत. त्यांच्या स्वतःच्या आईसुद्धा. नव्वदीच्या घरातल्या आजींनी पलंगावर बसूनच हात उचलला. तो कानापर्यंतच गेला, पण नजर अशी की समोर फौज उभी असावी.

झाशीजवळच्या बबीन्याला मी त्यांच्याबरोबर गेले होते. तिथे छावणीत एका फौजीची बायको, सुनीता. नवरा लांबच्या पोस्टिंगवर. क्वार्टरच्या अंगणात ती उभी राहिली आणि हात वर करून नवऱ्याच्या गमती सांगायला लागली. तो भात कसा करपवतो, फोनवर काय बोलतो. हळूहळू शब्द कमी झाले. हात कापायला लागला, तिने दात आवळले, आणि एकाएकी तो हात खाली आला तो थेट तिच्या तोंडावर. ती रडत होती. कॅमेरा त्याच क्षणी वाजला होता.

परतताना बसमध्ये शरयूताईंनी तो फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दाखवला. आजवरच्या सगळ्या फोटोंत तो वरचढ होता, हे मलाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी सुनीताचा फोन आला. "दीदी, वो रोने वाला मत लगाइएगा. ये कभी देखेंगे तो वहाँ इनका मन नहीं लगेगा."

"नहीं लगाएँगे, बेटा," शरयूताई म्हणाल्या आणि माझ्यासमोर तो पुसून टाकला.

मी कळवळले. "अहो ताई, तुमच्याजवळ ठेवायचा तरी! कुणाला दाखवला नसता तर झालं असतं."

"मी बघितलं असतं ना," त्या म्हणाल्या. "अंग तिचं आहे गं. तिने थोडा वेळ बघायला दिलं. परत मागितलं की देऊन टाकायचं." त्यावर त्यांनी चहा ठेवला आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या महिन्यात त्या परत बबीन्याला गेल्या. सुनीताने या वेळी हात वर धरला आणि शेवटपर्यंत हसत राहिली. तो फोटो प्रदर्शनात लागला.

दिल्लीच्या एका कलादालनाने प्रदर्शनासाठी विचारलं होतं. शरयूताई म्हणाल्या, आधी झाशीत. "ज्यांचे हात आहेत, त्यांना पहिले बघू दे. दिल्ली काही पळून जात नाही." शाळेजवळच्या एका सभागृहात फोटो लागले, प्रत्येक जवळजवळ माणसाएवढा. सकाळपासून बायका येत होत्या. रामकली आपल्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि मग शेजारणीला म्हणाली, "देखो तो, हम कित्ते बड़े हैं!"

दुपारी गडबड झाली. आमच्या भागातले एक पुढारी होते, सगळे त्यांना भैयाजी म्हणत. पाचसहा पोरांना घेऊन ते आत शिरले. कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं होतं की इथे राणीची टिंगल चालली आहे. त्यांनी एक फेरी मारली आणि सभागृहाच्या मधोमध उभे राहिले.

"ये क्या है, मॅडम? न घोड़ा, न तलवार. घर की औरतों को खड़ा कर दिया, और हाथ काँप रहे हैं! झाँसी के हाथ काँपते हैं क्या? उतारिए ये सब."

पोरं भिंतीकडे सरकली. एकाने शबानाच्या फोटोच्या चौकटीला हात घातला. शरयूताई भैयाजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, अगदी वर्गात उभ्या राहाव्यात तशा.

"उतार देंगे. पहले आप एक काम कीजिए. हाथ उठाइए."

"क्या?"

"हाथ. मेरे साथ. आपका न काँपे तो मैं खुद उतारूँगी."

भैयाजी हसले, पोरांकडे पाहिलं आणि झोकात उजवा हात वर केला. शरयूताईंनी लगेच केला नाही. त्यांनी आधी मनगटाचं बटण काढलं. मग बाही दुमडायला सुरुवात केली. एक घडी, दुसरी, कोपराच्या वरपर्यंत. मग तो हात उचलला. पांढरा आणि सावळा, नकाशावर नद्या पसराव्यात तसा. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली होती आणि तो हात प्रथमच पाहत होते. चौकटीला हात लावलेला पोरगा तिथेच थिजला.

दोघं समोरासमोर उभे. कुणीतरी भैयाजींसाठी मागवलेला चहा आला आणि टेबलावर गार होत गेला. त्यांचं हसू आधी गेलं. मग कपाळावर घाम आला. मग मनगट हलायला लागलं. भैयाजींनी मान वर करून स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. एक पोरगा फिसकन हसला तसे ते त्याच्यावर खेकसले, आणि तेवढ्यात हात खाली आला.

शरयूताईंचा हातही कापत होता. बोटांपासून खांद्यापर्यंत, सगळ्यांना दिसेल असा. पण तो वर होता. मागे बांगड्या वाजल्या म्हणून मी वळून पाहिलं, तर रामकलीने हात वर केला होता. मग शबानाने. मग ज्यांचे फोटोही नव्हते अशा बायकांनी. शरयूताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगं, बघत काय बसलीस? काढ."

त्यांचा कॅमेरा मी उचलला आणि आयुष्यातला एकुलता एक बरा फोटो काढला.

"बस कीजिए, दीदी," भैयाजी म्हणाले. मॅडमची दीदी कधी झाली ते त्यांनाही कळलं नसावं. "नीचे कर लीजिए. देखा नहीं जाता."

"देखिए," शरयूताई म्हणाल्या. "देखने के लिए ही तो लगाया है."

आणि त्यांनी पाहिलं. पोरांना बाहेर पाठवून एकेका फोटोसमोर थांबत, उजवा खांदा चोळत, त्यांनी पुन्हा फेरी मारली. आजींच्या फोटोसमोर त्यांनी नकळत हात जोडले. मग ते निघून गेले. फोटो जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातल्या बायका नटूनथटून आल्या. त्यांना कुणी पाठवलं हे आम्ही विचारलं नाही.

पुढे प्रदर्शन दिल्लीला गेलं. तिथून परत आल्यावर शरयूताई स्टेशनवरून थेट माझ्या घरी आल्या. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "अगं, आपण जे करतो ना, त्याला नाव आहे! तिकडच्या लोकांनी सांगितलं. कॅमेऱ्यासमोर अंगाने काहीतरी करून दाखवायचं आणि तोच फोटो, असं करणारी माणसं जगभर आहेत. तरुण पोरं आहेत गं, काय काय करतात! एक मुलगी दिवसभर बर्फाची लादी मिठीत धरून बसते. मी तिला म्हटलं, न्युमोनिया होईल बाई." एवढ्या मोठ्या कुटुंबात आपण आहोत आणि आपल्याला पत्ताच नव्हता, याचा त्यांना लहान मुलीसारखा आनंद झाला होता.

मी काढलेला फोटो त्यांनी दिल्लीत सगळ्यात शेवटी लावला होता. तो एका वर्तमानपत्रात छापून आला आणि लग्नांत त्यांना कॅमेऱ्यामागे पाठवणाऱ्या एका काकूचा फोन आला, "शरयू, तो तुझा हात आहे?" शरयूताई म्हणाल्या, "हो काकू, माझाच. छान आलाय ना?" मग काकू म्हणाल्या, "आलाय खरा." त्या उन्हाळ्यात शरयूताईंनी अर्ध्या बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले आणि शाळेत पहिल्या दिवशी मला दंडाला वारा लागतो म्हणजे काय असतं ते सविस्तर सांगितलं. मधल्या सुट्टीत मुली त्यांचा हात हातात घेऊन बघायच्या, विचारायच्या, "मॅम, दुखता है?" "नहीं. हवा लगती है तो अच्छा लगता है."

निवृत्तीनंतर त्या थांबल्या नाहीत. आई गेल्यावर तर त्यांचा पाय घरात ठरेना. बायकांच्या पायांवर काम चाललंय, एवढंच मला माहीत होतं. गेल्या पावसाळ्याच्या आधी त्या गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. घाटावर माणसं मावेनात. रामकली होती, शबाना होती, प्राचार्या काठी टेकत आल्या होत्या, आणि सुनीता बबीन्याहून नवऱ्याला घेऊन आली होती.

पण माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या त्याआधीच्या हिवाळ्यातल्या शरयूताई. मी बसने चिरगाँवला एका विद्यार्थिनीच्या लग्नाला चालले होते. गावाच्या अलीकडे ट्रॅक्टर आडवा आला म्हणून बस थांबली. रस्त्यालगत वाटाण्याचं शेत. त्यात एक बाई उभी होती, अनवाणी, पाय मातीत रुतलेले, पदर खोचलेला. आणि तिच्यासमोर, ओल्या काळ्या मातीत, शरयूताई पालथ्या पडल्या होत्या. सत्तरीला आलेल्या. कोपरं जमिनीला टेकलेली, गाल मातीला लागलेला, कॅमेरा त्या बाईच्या टाचांच्या अगदी जवळ. साडीची पार दैना. दोन्ही हात दंडापर्यंत उघडे आणि चिखलाने इतके माखलेले की कुठला भाग पांढरा आणि कुठला सावळा, काही कळत नव्हतं. बाई काहीतरी म्हणाली, शरयूताई हसल्या, ते बसमधूनही दिसलं. मी खिडकीतून हाक मारणार होते. मग नाही मारली.

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वाकून बाहेर पाहिलं आणि घाबरून म्हणाले, "अरे, वो बुज़ुर्ग गिर गई हैं क्या?"

"गिरी नहीं हैं, भैया," मी म्हणाले. "काम कर रही हैं."